रंगभूषेचं बक्षीस

रेणुकादास सर हैदराबादच्या पलीकडं कधी गेले नव्हते, पण नाटक लिहिलं ते थेट इंग्लंडातलं. लातूरच्या एका शाळेत उभा जन्म मराठी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. दिवाळी उरकली की आपल्या हौशी संस्थेचं नाटक राज्याच्या स्पर्धेत उतरवायचा आणि दरवर्षी उत्तेजनार्थ प्रमाणपत्र घेऊन परत यायचा. यंदा मात्र त्यांनी चंगच बांधला होता. तिकडं राहणाऱ्या भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, की आपला रंग बघून घरमालकिणी तोंडावर दार लावतात, भाड्यानं घर मिळेना झालंय. सरांची झोप उडाली आणि महिन्याभरात नाटक तयार झालं. एक काळं कुटुंब, म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलगी. त्यांना गोड बोलून घराबाहेर काढणारी गोरी घरमालकीण. आणि त्यापायी नवराबायकोत पडत जाणारं अंतर. वाचन झालं त्या संध्याकाळी संस्थेतल्या झाडून सगळ्या बायका रडल्या. सरांची सून अपूर्वा हिच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तिचं कारण वेगळं होतं.

त्या घरमालकिणीची वाक्यं तिला पाठ होती. “माझ्या मनात काही नाही, पण लोक बोलतात.” “मुलगी गुणी आहे, आता रंग काही तिच्या हातात नाही.” ही वाक्यं इंग्लंडातून आली नव्हती, लातूरच्या त्यांच्याच स्वयंपाकघरातून आली होती. तिची सासू प्रमोदिनीबाई ती रोज बोलायची. सरांनी बायकोची वाक्यं उचलली, तिला मिसेस हॉपर असं नाव दिलं, गाऊन घातला, आणि आपण काय केलं याचा त्यांना पत्ताच नव्हता. लेखक लोकांचं हे असंच असतं. जगाचं दुःख दुर्बिणीतून दिसतं आणि पायाखालची मांजर दिसत नाही.

अपूर्वा मुदखेडची, रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाची मुलगी. रंगानं बापावर गेलेली, म्हणजे चांगली काळी. ‘काळी’ हा शब्द मात्र ती स्वतःच वापरायची. सासरी तिला ‘सावळी’ म्हणत, पाहुणे आले की ‘गव्हाळ’ म्हणत, आणि लग्नाच्या वेळी तर प्रमोदिनीबाईंनी साऱ्या भावकीत सांगितलं होतं, “नाकीडोळी नीटस आहे हो.” मुलीला नाकीडोळी नीटस म्हटलं की पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं असतं. नांदेडला युवक महोत्सवात ती आणि सरांचा मुलगा गंधार भेटले होते. तिला अभिनयाचं पदक मिळालं होतं आणि गंधारला ती मिळाली होती, असं तो तेव्हा मित्रांना सांगत फिरायचा. घरच्यांनी लग्नाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणणारी माणसंच नव्हती ती.

प्रमोदिनीबाई वाईट नव्हत्या, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट सासूशी भांडता येतं. अपूर्वाचं बाळंतपण त्यांनी आईच्या वर केलं, तिची बँकेची परीक्षा होती तेव्हा महिनाभर तिला चुलीपुढं येऊ दिलं नाही. सासूला ती आत्या म्हणायची आणि मनापासून म्हणायची. पण गोदा जन्मली, रंग आईचा घेऊन जन्मली, आणि प्रमोदिनीबाईंनी पदर खोचला. रोज सकाळी साय, हळद, डाळीचं पीठ. पोरीला घासून आंघोळ घालायची आणि मग खिडकीशी नेऊन, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवायचं. “बघू, उजळली का गं जरा?” गोदा डोळे घट्ट मिटून, श्वास धरून उभी राहायची. सात वर्षांची झाली तरी हा कार्यक्रम चुकला नव्हता. अपूर्वानं किती वेळा सांगून पाहिलं. सासूचं उत्तर ठरलेलं असे, “मी का तिची वैरीण आहे? पुढं पोरीला लोकच बोलणार आहेत.” आणि गंधारचंही ठरलेलं असे, “जाऊ दे ना, वय झालंय तिचं.” आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. बायकोपुढं सुटायची, पण ती आईची बाजू मांडायला.

नाटकात काळ्या नवऱ्याचं काम गंधारलाच मिळालं. त्याच्या बायकोचं, ग्रेसचं, काम मिळालं भार्गवीला. ती महाविद्यालयात शिकवायची, सुरेख बोलायची, आणि संस्थेत तिच्याइतकं गोरं कुणी नव्हतं. तालमीला सुरुवात होण्याआधी अपूर्वानं सासऱ्यांना सरळ विचारलं, “मामा, ग्रेसचं काम मी केलं तर? मी तर आधीच काळी हाय.”

सर हसले, तिच्या डोक्यावर थापटलं आणि समजावलं. स्पर्धेत रंगभूषेचं वेगळं बक्षीस असतं. गोऱ्या मुलीला काळं केलं तर परीक्षकांच्या डोळ्यांत भरणार, तिथं अपूर्वा उभी केली तर रंगभूषा दिसायची कुठं? उलट अपूर्वानं मिसेस हॉपर करावी. काळीला गोरं केलं, गोरीला काळं केलं, एकाच नाटकात दोन्हीकडून कमाल. नांदेडचे दस्तगीरभाई रंगवायला यायला तयार झाले होते, आणि त्यांचा हात म्हणजे सोनं. यंदा रंगभूषेचं बक्षीस कुठं जात नाही. हे सगळं सर इतक्या निर्मळपणे बोलले की अपूर्वाला राग यायलाही थोडा वेळ लागला.

लहान मुलीच्या कामासाठी गोदाला घेतलं. तिला बोलायचं काही नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. संस्थेतलं कुणीतरी म्हणालं, बरं झालं, हिला तरी मेकअपचा खर्च नाही. सगळे हसले. गंधारही हसला. गोदा हसणाऱ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघत राहिली आणि मग तीही हसली. लहान मुलं हसतात, कारण सगळे हसत असतात.

तालमी रंगल्या. दुसऱ्या अंकात घरमालकीण जिना चढून येते, मुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं फिरवते, बोलायचं ते बोलते, आणि मग नवरा उसळतो. हाच नाटकाचा कळस. सरांनी अपूर्वाला सांगितलं होतं, मान ताठ ठेव, नाक वर ठेव, मडमेसारखं बोल. ती तसं करायची. गोदा त्या जागी फिसकन हसायची आणि बोलणी खायची. गंधारचं मात्र वाक्य काही केल्या लागत नव्हतं. “माझ्या मुलीच्या रंगाबद्दल पुन्हा एक शब्द काढलात, तर या घरात आम्ही राहणार नाही. तुम्ही काढायच्या आधी आम्हीच जाऊ.” एवढंच वाक्य. पण ते त्याच्या तोंडून फुसकं निघायचं. सर कपाळावर हात मारायचे. “अरे, बाप आहेस तू तिचा. वाण्याला उधारी विचारल्यासारखं काय बोलून राहिलास?” अपूर्वा समोर ताठ मानेनं उभी असायची आणि तिला मनातून हसूही यायचं आणि रडूही. या माणसाला हे वाक्य कसं लागणार? त्यानं ते जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

नांदेडला जायच्या आठवडाभर आधी दस्तगीरभाई लातूरला येऊन रंग लावून बघून गेले. त्यांनी अपूर्वाला खुर्चीत बसवलं, कपाळापासून गळ्यापर्यंत रंगाचे थर चढवले, गालांवर गुलाबी हात फिरवला, हातांनाही रंग दिला. आरसा पुढं आला तेव्हा तिला आपली ओळख पटेना. संस्थेतल्या बायका बघायला जमल्या. प्रमोदिनीबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी तर कानशिलांवर बोटं मोडली. “किती गोड दिसतीस गं,” असं त्या अगदी आतून म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेची दृष्ट पहिल्यांदा काढली.

मग गोदा आली. दारातच थबकली. हळूहळू जवळ येऊन तिनं आईच्या रंगवलेल्या हाताला बोट लावून बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की अपूर्वानं तो तसा वाढदिवसालाही पाहिला नव्हता. ती मांडीवर चढली. “मम्मी,” ती कानाशी म्हणाली, “हे धुऊ नकोस. उद्या मला शाळेत सोडायला अशीच ये.”

अपूर्वाला आठवलं की हल्ली गोदा शाळेच्या कोपऱ्यावरच तिचा हात सोडायची. मी मोठी झाले, जाते माझी मी, म्हणायची. अपूर्वाला त्याचं कौतुक वाटायचं आणि ती बँकेत मैत्रिणींना सांगायची. आपली पोर आपल्याला लपवते आहे, हे तिला त्या खुर्चीत, त्या पांढऱ्या थरांखाली बसल्यावर कळलं. इतकी वर्षं ती समजत होती की साय-हळदीचा प्रश्न फक्त गोदाच्या कातडीचा आहे. आता तो लेकीच्या मनात शिरला होता, आणि तिथं आईसुद्धा नकोशी होऊन बसली होती. ती उठली आणि मोरीत जाऊन तोंड खसाखसा धुऊ लागली. बाहेर गोदा रडत होती.

घरी आल्यावर तिनं गंधारला हे सांगितलं. त्याचे डोळे भरले, आणि तो म्हणाला की नाटक होऊन जाऊ दे, मग आईशी शांतपणे बोलू. हे ‘मग’ अपूर्वाच्या चांगलं ओळखीचं होतं. लग्न झाल्यापासून ते त्यांच्या घरात ठाण मांडून बसलं होतं. नांदेडला जाताना गाडीत सगळे गाणी म्हणत असताना ती खिडकीशी बसून राहिली, आणि नांदेड येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृहाच्या मागं रंगपटात उदबत्तीचा वास, नारळ फुटलेला, सगळ्यांचे हात सगळ्यांच्या पायांवर. दस्तगीरभाईंनी गंधारला आणि भार्गवीला काळं करून टाकलं होतं, आणि काम खरोखर सुंदर झालं होतं. त्यांनी स्पंज धुतला, पांढरा डबा उघडला आणि अपूर्वाला बोलावलं. तिनं गाऊन चढवला होता, वर लोकरीचं जाकीट होतं, केस बांधले होते. ती खुर्चीपाशी आली, पण बसली नाही.

“दस्तगीरभाई, मी रंग लावणार न्हाई,” ती म्हणाली.

त्यांना आधी वाटलं थट्टाच आहे. मग त्यांचा चेहरा उतरला. दोन रंगांचं काम आहे म्हणून तर आपण एवढा खटाटोप केला, ते म्हणाले, तुम्ही अशाच गेलात तर परीक्षकांनी आम्हाला काय बघून नंबर द्यायचा? बक्षीस आमच्याही नावाचं असतं, बाई. त्यांचं काही चुकत नव्हतं आणि अपूर्वानं ते कबूल केलं. तुमचं नुकसान होतंय हे खरं, असं ती म्हणाली, पण जागची हलली नाही. दस्तगीरभाईंनी स्पंज पाण्यात टाकला आणि पाठ फिरवली.

सर धावत आले. आधी समजूत काढली, मग आवाज चढवला. घरमालकीण गोरी आहे, काळी मालकीण काळ्यांना घराबाहेर काढतेय हे लोकांना कळायचं कसं? अपूर्वानं त्यांना सांगितलं की संहितेला सेन्सॉरचा दाखला आहे हे तिला ठाऊक आहे, शब्द बदलला तर नाटक बाद होतं हेही ठाऊक आहे. ती एक अक्षर बदलणार नाही. तुम्ही लिहिलंय तेच आणि तसंच बोलणार.

“पण तुझं तोंड?” सर म्हणाले.

“माझं तोंड दाखल्यात न्हाई, मामा.”

तिसरी घंटा झाली. आता सरांच्या हातात काही उरलं नव्हतं. पडदा वर गेला.

गोदा कोपऱ्यात फ्रॉक घालून तयार बसली होती. तिनं आईकडं बघितलं आणि विचारलं, तू अजून रंगली नाहीस? अपूर्वा तिच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली की मी रंगणार नाही, मी अशीच जाणार. गोदाचं तोंड एवढंसं झालं. ती उठली आणि भार्गवीच्या पुढच्या प्रवेशाची वाट बघत विंगेत जाऊन उभी राहिली, आईकडं पाठ करून. अपूर्वाला ते लागलं. खोटं कशाला बोला, त्या घटकेला तिला वाटलं की डबा उघडाच आहे, लावून टाकावा रंग आणि पोरीला हसवावं. ती तशीच बसून राहिली आणि तिनं ते वाटणं जाऊ दिलं.

दुसरा अंक सुरू झाला. मिसेस हॉपर जिना चढून आली आणि सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी ऐकू येईल असं म्हणालं, ही तर त्यांच्यापेक्षा काळी आहे की. नांदेडचा प्रेक्षक तोंडाला कुलूप लावून बसत नाही. अपूर्वानं हशा ओसरू दिला. तिसऱ्या रांगेत कडेला प्रमोदिनीबाई बसल्या होत्या, मोतिया रंगाच्या साडीत, मांडीवर पर्स. तिनं त्यांना एकदा नीट बघून घेतलं.

मग तिनं मान ताठ केली नाही. नाक वर केलं नाही. तिनं जाकिटाचं टोक पदरासारखं धरून त्याला हात पुसले, मान किंचित तिरकी केली, आणि मायेनं, अगदी मायेनं बोलायला लागली. “माझ्या मनात काही नाही. पण लोक बोलतात.” शब्द मिसेस हॉपरचे, पण बोलत होती प्रमोदिनी. ‘लोक’वर थोडं थांबणं, वाक्य संपताना उसासा, समोरच्याच्या दंडावर ठेवलेला हात, सगळं तेच. भार्गवी क्षणभर गांगरली, कारण तालमीत असं कधी झालं नव्हतं. सभागृह शांत होत गेलं. गाऊनमधल्या काळ्या बाईच्या तोंडून हे ऐकताना इंग्लंड कुठल्या कुठं गेलं. प्रत्येकाच्या घरात अशी एक आत्या होती, काकू होती, आई होती, आणि ती वाईट नव्हती.

“तुमची मुलगी गुणी आहे,” अपूर्वा म्हणाली आणि गोदाकडं वळली. संहितेत लिहिलं होतं तसं तिनं गोदाची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडं फिरवला. फिरवला तो सकाळच्या खिडकीशी फिरवतात तसा, दोन बोटांनी, हलकेच. गोदा हसली नाही. तिनं डोळे घट्ट मिटले आणि श्वास धरला. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. मंचावर, दिव्यांखाली, सगळ्या लोकांपुढं ती आपल्या आंघोळीनंतरच्या जागी जाऊन उभी राहिली होती.

अपूर्वाच्या मनात आलं की हे मी काय केलं, पोरीला इथं आणून उभं केलं. पण तिनं हनुवटी सोडली नाही. तिनं मान वळवून गंधारकडं बघितलं, म्हणजे त्यालाही नीट दिसावं. हे रोज सकाळी तो पेपर वाचत असताना, त्याच्या पाठीमागं होत असे. त्यानं ते समोरून आज पहिल्यांदा पाहिलं. सात वर्षांची पोर डोळे मिटून श्वास धरून उभी आहे, आपण पास झालो का नापास याची वाट बघत. काळ्या रंगाखाली त्याचा चेहरा हलला.

“आता रंग काही तिच्या हातात नाही,” अपूर्वानं शेवटचं वाक्य म्हटलं आणि वाट बघितली.

गंधार बोलेना. विंगेत सरांनी दोनदा वाक्य पुटपुटलं. त्यांना वाटलं पोरगा वाक्य विसरला. गंधार पुढं आला, गोदाच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं तिला अपूर्वाच्या बोटांतून सोडवलं, आणि मग तो मिसेस हॉपरकडं बघायचं सोडून सभागृहाकडं वळला, तिसऱ्या रांगेच्या कडेकडं.

“माझ्या मुलीच्या रंगाबद्दल पुन्हा एक शब्द काढलात,” तो म्हणाला, आणि आवाज मोठा नव्हता, “तर या घरात आम्ही राहणार नाही. तुम्ही काढायच्या आधी आम्हीच जाऊ.”

एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. सेन्सॉरचा माणूस संहिता उघडून बसला असता तरी त्याला बोट ठेवायला जागा सापडली नसती. प्रमोदिनीबाईंनी पर्स छातीशी धरली.

नाटक संपलं. टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. परीक्षकांतले एकजण डोकं खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहीत होते, बरं की वाईट देव जाणे. रंगपटात मात्र दस्तगीरभाई डबे बंद करत होते. त्यांच्या लेखी बक्षीस गेलं होतं. सर खुर्चीत संहिता मांडीवर घेऊन बसले होते आणि तिसाव्या पानावर थांबले होते, जिथं हनुवटी धरायची सूचना होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. ती कुठून सुचली, हे ते बहुधा आज पहिल्यांदाच आठवून बघत होते.

प्रमोदिनीबाई दारात आल्या. त्या रडलेल्या होत्या, पण आता रडत नव्हत्या.

“भरल्या सभागृहात माझी नक्कल केलीस,” त्या सुनेला म्हणाल्या.

“हाव, केली, आत्या,” अपूर्वा म्हणाली. “शब्द मामांचे, रीत तुमची. माझं त्यात काहीच न्हाई.”

“मी तुझं काय वाईट केलं गं?”

“माझं न्हाई केलं. तुम्ही तिचं करून राहिलात. आणि माया करता करता करून राहिलात, म्हणून इतकी वर्षं मला बोलता आलं न्हाई.”

त्या मुलाकडं वळल्या. गंधारचा रंग अजून तसाच होता. तो हातात टॉवेल घेऊन उभा होता. त्यांनी त्याला विचारलं की ते वाक्य नाटकातलं होतं ना. त्यांचा आवाज विनवणीचा होता. गंधारनं हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, सगळे लातूरच्या गाडीत बसून गाणी म्हणत घरी गेले असते. अपूर्वानं त्याच्याकडं बघितलं नाही. आता त्यानं काही म्हटलं किंवा न म्हटलं तरी तिचं बोलून झालं होतं.

“लिहिलं बाबांनी,” गंधार म्हणाला. “म्हटलं मी.”

प्रमोदिनीबाईंनी पर्स काखेत धरली आणि म्हणाल्या, मला बसस्टँडवर सोड, मी एकटी जाते लातूरला. एरवी या वाक्यावर गंधारची धावपळ उडायची. आईचे पाय धरणं, बायकोला खुणा करणं, पाणी आणणं. आज त्यानं टॉवेल खुंटीला लावला आणि म्हणाला, चल.

“तोंड तरी धू आधी,” त्या म्हणाल्या. “लोक काय म्हणतील?”

भार्गवीनं मान खाली घातली. सरांनी संहिता मिटली.

“म्हणू दे,” गंधार म्हणाला आणि तसाच बाहेर पडला. त्या त्याच्यामागं गेल्या, चार पावलं अंतर ठेवून. दुपारच्या रस्त्यावर माणसं वळून बघत होती. अपूर्वाला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. साबणानं जाणारा रंग होता तो, संध्याकाळी पुन्हा गोरा होऊन तो परत येणार होता. पण त्यानं आईला थांबवलं नाही, हे तिनं मनात जमेला धरलं.

ती दारात उभी होती. गोदा कधी येऊन शेजारी उभी राहिली तिला कळलं नाही. पोर बापाच्या आणि आजीच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडं बघत होती.

“आजी रुसली?” तिनं विचारलं.

“हाव. रुसली.”

खाली बघत, अगदी बारीक आवाजात गोदानं विचारलं, “मी उजळले नाही म्हणून?”

अपूर्वा खाली बसली. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ते उजेडाकडं फिरवलं नाही, आपल्याकडं फिरवलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “तू उजळणार न्हाईस, मी पण न्हाई, आणि त्यात आपलं काही चुकलेलं न्हाई. आजी माझ्यावर रुसली. आणि ह्या खेपेला मी समजूत काढायला जाणार न्हाई.”

गोदानं डोळे मिटले नव्हते. ती आईकडं बघत होती, रंग न लावलेल्या तोंडाकडं, जवळून.